थांबलेल्या होडीतला हिवाळा

वाचकांचे प्रश्न, या वेळी इंग्लंडच्या कालव्यांवरून

जानेवारी २०२१मध्ये इंग्लंडात कोविडची तिसरी टाळेबंदी लागली आणि नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यांवरच्या अरुंद, लांबट होडीत राहणाऱ्या मराठी वाचकांची पत्रं एकदम वाढली. खालची पत्रं आणि उत्तरं तेव्हाची आहेत. वेगवेगळी दिसली तरी बहुतेकांची नड एकच होती. या होडीतला संसार चालत्या होडीच्या हिशोबाने मांडलेला असतो. इंजिन फिरतं तेव्हा बॅटऱ्या भरतात, अंघोळीचं पाणी तापतं, वाटेत नळ लागला की टाकी भरून घेता येते, संडासाची टाकी रिकामी करता येते. होडी एका जागी थांबली की ही चारही कामं आपल्या अंगावर येतात, आणि ती नेमकी थंडीत.

प्रश्न : मुलगा आणि सून लंडनजवळ कालव्यावर होडीत राहतात. आत कोळशाची शेगडी आहे आणि रात्रभर ती पेटती ठेवूनच झोपतात. आपल्याकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. गेला आठवडाभर दोघांचं डोकं दुखतंय. कोविड असेल म्हणून ऑक्सिमीटर लावला, तर तो ९८ दाखवतो. काळजी करू का?
*– एक आई, नाशिक*

उत्तर : ताई, हे वाचून झालं की आधी मुलाला फोन लावा आणि मग पुढचं वाचा.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरक कळत नाही. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही तो निवांतपणे ९८ दाखवतो. दोघांना दोनच गोष्टी विचारा. ताप आहे का? आणि कालव्याकाठी तासभर फिरून आल्यावर डोकं हलकं होतं का? ताप नाही, बाहेर बरं वाटतं, आत आलं की पुन्हा दुखतं आणि दोघांचं एकाच वेळी दुखतं, असं असेल तर शेगडी विझू द्यायची, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना ‘होडीत शेगडी आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. रक्ततपासणी लवकर व्हायला हवी. मोकळ्या हवेत गेल्यावर काही तासांत पुरावा रक्तातून निघून जातो.

आता शेगडीविषयी. आपल्याकडची उघडी शेगडी आणि ही शेगडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. होडीतली शेगडी बिडाची असते, काचेच्या दाराची, आणि तिचं धुरांडं छतातून बाहेर गेलेलं असतं. ती रात्रभर धुमसत ठेवणं ही इथली रोजची रीत आहे आणि नीट ठेवली तर त्यात गैर काही नाही. बिघडतं ते चार-पाच ठरलेल्या जागी. मुलाला हे तपासायला सांगा.

दाराच्या कडेला उष्णतारोधक दोरी बसवलेली असते. शेगडी थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज सरकली तर दोरी झिजली आहे, बदलायची. धुरांड्याचा पाइप शेगडीला आणि छताला जिथे मिळतो, तिथल्या लेपाला तडे पडतात. टॉर्च लावून सगळ्या बाजूंनी बघायचं. शेगडीच्या आत वर एक आडवी पत्र्याची फळी असते, तिच्यावर काजळी आणि राख साचून धुराची वाट अरुंद होते. रोज पेटणाऱ्या शेगडीत ही फळी दर पंधरवड्याला काढून झटकावी आणि धुरांडं थंडीच्या मोसमात निदान दोनदा ब्रशने साफ करावं. रात्री खालची झडप पूर्ण बंद करून निखारे ‘दाबून’ ठेवायची खोड मात्र वाईट. हवा मिळाली नाही की कोळसा अर्धवट जळतो, धुरांडं थंड पडतं, धूर वर ओढला जात नाही आणि वायू आत उतरतो. बोटभर का होईना, फट हवीच. शेवटची गोष्ट हटकून विसरली जाते. सकाळी काढलेल्या राखेत निखारे असतात आणि त्यांतूनही हाच वायू निघतो. झाकणाचा डबा असला तरी राख आत ठेवायची नाही, थेट बाहेर.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खासगी होड्यांवरही १ एप्रिल २०१९पासून बोट सेफ्टी स्कीमच्या तपासणीत सक्तीचा आहे, म्हणजे होडीत तो असायला हवा. पण ‘आहे’ एवढ्यावर थांबू नका. मागे छापलेली मुदत उलटून गेली आहे का? आठवड्याला बटण दाबून बघतात का? शेगडीच्या डोक्यावर टांगलेला अलार्म उपयोगाचा नाही. शेगडीपासून एक ते तीन मीटरवर एक आणि झोपायच्या जागी, उशीच्या उंचीला दुसरा असावा. बीएस ईएन ५०२९१-२ हा क्रमांक असलेला घ्यायचा, तो होड्या आणि कॅरॅव्हॅनसाठीचा आहे. आणखी एक : थांबलेल्या होड्या महिनोन् महिने एकमेकींना खेटून उभ्या असतात. शेजारच्या इंजिनाचा धूर तुमच्या खिडकीतून आत येतो. स्वतःची शेगडी विझलेली असताना अलार्म वाजला तर तो खोटा समजू नका.

प्रश्न : खिडक्यांवरून पाणी अक्षरशः ओघळतं, गादीची खालची बाजू ओली, कपाटातल्या साड्यांना बुरशी. थंडी आत येऊ नये म्हणून छतावरची सगळी भोकं फोम घालून बंद केली, तरी उलट वाढलंच. होडी ५० फुटांची, दोघंही आता घरूनच काम करतो.
*– बर्कमस्टेड*

उत्तर : तरी नाही, त्यामुळेच वाढलं. फोम आजच काढा. ती भोकं श्वासाची हवा यावी म्हणून आहेत आणि ती बुजवणं हे वरच्या पत्रातल्या धोक्याला आवतण आहे.

हे पाणी बाहेरून येत नाही, ते तुम्हीच तयार करता. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते. त्यावर कुकरच्या शिट्ट्या, चहा, दोघांचा चोवीस तासांचा श्वास. पूर्वी दोघं दिवसभर ऑफिसात असायचात, निम्मा ओलावा तिकडे जायचा. सगळ्यात वाईट म्हणजे आत वाळत घातलेले कपडे. हाताने पिळलेल्या एका बादलीभर कपड्यांत दोनेक लिटर पाणी सहज असतं.

बाहेर धुकं असताना खिडकी उघडून आतलं वाळणार कसं, असं वाटतं. पण आकडे बघा. शून्य अंशाची हवा कितीही ओली असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये पाच ग्रॅमहून जास्त वाफ मावत नाही. वीस अंशाच्या हवेत १७ ग्रॅम मावते. तुमच्या होडीत साधारण ४० घनमीटर हवा आहे. आत वीस अंश आणि ६० टक्के आर्द्रता धरली तर एकदा हवा पूर्ण बदलली की दोनशे ग्रॅमच्या वर पाणी बाहेर जातं. लिटरभर घालवायला चार-पाच वेळा हवा बदलायला हवी. म्हणून शेगडी मंद पण अखंड, आणि हवेच्या वाटा उघड्या. संध्याकाळी शेगडी रसरशीत पेटवून दिवसा विझवणारे लोक दुप्पट ओले होतात, कारण विझल्यावर पत्रा थंड पडतो आणि दिवसभराची वाफ त्यावर बसते.

स्वयंपाक करताना ओट्याजवळची खिडकी किंवा छताची झडप उघडी, भांड्यावर झाकण, आणि कुकर शिट्टीला आला की गॅस बारीक. कपडे शेगडीजवळ वाळवायचेच असतील तर डोक्यावरची झडप चार बोटं उघडी. सकाळी काचा रबरी पट्टीने पुसून ते पाणी वाटीत घेऊन बाहेर टाका. फडक्याने पुसून फडकं आतच वाळत घातलंत तर सगळी मेहनत वाया. काचांना आतून ॲक्रिलिकचा पत्रा चुंबकी पट्टीने लावला की मध्ये हवेचा थर राहतो आणि ओघळ बराच कमी होतो. गादीखाली सलग प्लायवूड असेल तर तो काढून लाकडी पट्ट्या टाका, पाच सेंटीमीटरची पोकळी ठेवा. कपाट होडीच्या बाहेरच्या पत्र्याला लागून असेल तर ते ठासून भरू नका आणि दाराला वर-खाली भोकं पाडा. साड्या तिथून हलवा. होडीच्या मधल्या आडव्या भिंतीलगतचं कपाट कोरडं असतं.

ओलावा शोषणारं विजेचं यंत्र घ्यायची घाई नको. काठावरच्या विजेची जोडणी असेल तरच त्याला अर्थ आहे. बॅटरीवर ते परवडत नाही.

प्रश्न : छतावर ४०० वॉटचे सोलर पॅनेल आहेत. उन्हाळ्यात वीज उरायची. आता चार ११० अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या दोन दिवसांत झोपतात. लॅपटॉपवर आठ तास काम आहे. पॅनेल खराब झालेत का?
*– अक्सब्रिज*

उत्तर : पॅनेल ठणठणीत असावेत. सूर्यच आडवा आहे. डिसेंबरअखेर लंडनला भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर येतो, दिवस आठ तासांचाही नाही. छतावर सपाट निजलेल्या पॅनेलला तेव्हा जूनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वीज मिळते. तुमच्या ४०० वॉटना ढगाळ दिवशी १०-१५ अँपिअर-अवर मिळाले तर ठीक म्हणायचं. पॅनेल दक्षिणेकडे उभे कलते केले तर फरक पडतो, पण कालव्याकाठी झाडं असली तर तोही नाही.

खर्च मांडू. लॅपटॉप ६० वॉटचा धरला तर आठ तासांत ४० अँपिअर-अवर, आणि तो इन्व्हर्टरमधून चालवत असाल तर आणखी पाच-सहा गळतात. फ्रिज ३०, राउटर १०, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ८-१०, डिझेल हीटर असेल तर आणखी १०. म्हणजे रोजचे शंभर. बॅटऱ्यांचे ४४० कागदावर. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून हाती २२०. दोन दिवस, तुमच्याच अनुभवासारखे.

उपाय फार शोधावे लागत नाहीत. लॅपटॉपला बारा व्होल्टवर चालणारा चार्जर घ्या आणि इन्व्हर्टर बंद ठेवा, तो रिकामा चालू असला तरी वीज खातो. फ्रिज बंद करून दूध-भाज्या मागच्या डेकवरच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. या दिवसांत बाहेरच फ्रिज आहे. बाकी इंजिनाला भरून काढावं लागेल. रोज सकाळी दोन तास, मिनिटाला साधारण १२०० फेऱ्यांवर, गिअर न टाकता. गिअर टाकून बांधलेली होडी ओढत ठेवली की काठ खचतो आणि खुंट्या उपटतात. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायला मनाई आहे, आणि टाळेबंदीत शेजारीही दिवसभर घरीच असतात हे लक्षात असू द्या.

एक जागा मात्र सगळ्यांना फसवते. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत झरझर भरते, वरचे २० टक्के फार सावकाश. रोज दोन तास इंजिन चालवून ती शंभरावर कधीच पोचत नाही, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ४४० चे ३०० राहतात. आठवड्यातून एकदा तरी सलग सहा-सात तास देऊन ती काठोकाठ भरा. त्याच दिवशी इंजिनावर तापलेल्या पाण्याने कपडे धुऊन घ्या. तीन-चार तास विश्रांतीनंतर मीटर १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरली, १२.२ म्हणजे निम्मी. भरलेली बॅटरी इंग्लंडच्या थंडीत गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र उणे सात-आठालाच गोठून फुटू शकते. लिथियम लावायचा विचार असेल तर तिच्या आत तापमान बघून चार्जिंग तोडणारी सोय आहे याची खात्री करा. शून्याखाली चार्ज केली तर ती कायमची बाद होते.

प्रश्न : गॅसची टाकी हलवली तर निम्मी भरलेली लागते, पण सकाळी ज्योत पेटत नाही. दुपारी पेटते.
*– मिल्टन कीन्स*

उत्तर : टाकी निळी आहे ना? निळ्यात ब्यूटेन असतो. तो उणे अर्ध्या अंशाखाली वायूच होत नाही, टाकीत पाण्यासारखा पडून राहतो. लाल टाकीत प्रोपेन, तो उणे ४२ पर्यंत चालतो. लाल घ्या. रेग्युलेटरही बदलावा लागेल, निळ्याचा लालला बसत नाही. टाकी ऊब मिळावी म्हणून आत आणू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळात साचतो. तिच्यासाठी बाहेर जो कप्पा आहे त्याच्या तळाचं भोक याचसाठी आहे, ते पानांनी बुजलेलं नाही ना तेही बघा.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात उणे पाच-सहा सांगितलंय. पाण्याच्या नळ्यांचं काय करू? आणि कालवा गोठला तर होडी पाण्याच्या नळापर्यंत नेता येईल?
*– रग्बी*

उत्तर : आत राहत असाल आणि शेगडी चालू असेल तर नळ्या सहसा गोठत नाहीत. अपवाद मागच्या टोकाचा. इंजिनाच्या खोलीतून जाणाऱ्या नळ्यांना फोमचं आवरण घाला. होडी सोडून दोन दिवस जरी जाणार असाल तरी पंप बंद करा, गरम पाण्याची टाकी तळाच्या तोटीतून उपसा, सगळे नळ उघडून तसेच उघडे ठेवा आणि शॉवरची नळी काढून खाली झटका. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि सगळ्यात आधी फुटतो तो शॉवरचा मिक्सर, कारण तो उंचावर असूनही त्याच्या पोटात घोटभर पाणी अडकून राहतं. फुटल्याचं गोठलेलं असताना कळत नाही. बर्फ वितळला आणि पंप चालू केला की टाकीभर पाणी होडीच्या तळात जातं.

इंजिनाच्या शीतक पाण्यात अँटिफ्रीझ निम्मं-निम्मं हवं, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत सांभाळतं. वर्षभर पाण्याची भर घालत आला असाल तर ते पातळ झालेलं असणार. मोजायचं साधन स्वस्तात मिळतं.

आणि नाही, बर्फातून होडी काढू नका. बर्फाची धार पाण्याच्या रेषेवरचा डांबरी लेप खरवडून काढते आणि पत्रा नेमका तिथेच गंजतो, जिथे हवा आणि पाणी दोन्ही मिळतात. तुम्ही फोडलेले तुकडे शेजारच्या फायबरच्या होडीला भोक पाडू शकतात. टाकी आजच काठोकाठ भरा. शिवाय २५ लिटरचे दोन कॅन भरून आत ठेवा, कारण काठावरचा नळ कालव्याच्या आधी गोठतो. पाण्याचा पाइप वापरल्यावर पूर्ण निथळून गुंडाळा. तो आत पाणी असताना गोठला तर नळ सुरू असूनही पाणी भरता येणार नाही.

प्रश्न : दोघांचीही चाचणी पॉझिटिव्ह आली. जानेवारी २०२१च्या नियमाप्रमाणे दहा दिवस बाहेर पडायचं नाही. पाणी ३५० लिटर, संडासाची कॅसेट (काढून नेता येणारी मैल्याची टाकी) एकच.
*– हेमेल हेम्पस्टेड*

उत्तर : पाणी निभेल. रोज ३५ लिटर दोघांना, म्हणजे शॉवर बंद करून बादली-तांब्यावर या. लहानपणीची सवय असेलच. अडेल ते कॅसेटवर. वीस लिटरची कॅसेट दोघांत दोन-तीन दिवस जाते. शेजाऱ्याला फोन करून आणखी दोन कॅसेटी मागवून घ्या. भरलेली बंद करून, मूठ जंतुनाशकाने पुसून पुढच्या डेकवर ठेवायची, त्याने हातमोजे घालून न्यायची. रिकामं करायचं ठरलेल्या एल्सन केंद्रावरच, म्हणजे मैला ओतायच्या जागी. कालव्यात किंवा झुडपात अजिबात नाही, कितीही नड असली तरी. लघवी वेगळ्या डब्यात साठवली तर कॅसेट जवळजवळ दुप्पट टिकते. कोळशाच्या पिशव्या मात्र आताच चार-पाच मागवून छतावर ठेवा. कालव्यावरून फिरणाऱ्या इंधनाच्या होड्या फोनवर ऑर्डर घेतात आणि माल छतावर टाकून जातात, दाराशी यायची गरज पडत नाही.

प्रश्न : आमची कायमची जागा नाही. दर चौदा दिवसांनी हलायचं, की टाळेबंदीत घरीच राहायचं? दोन्ही नियम एकदम कसे पाळणार? आणि पत्ता नसल्यामुळे डॉक्टरांकडे नाव नाही, त्याचं काय?
*– ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन*

उत्तर : चौदा दिवसांचा नियम १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातला आहे, पण त्याच वाक्यात ‘परिस्थितीनुसार वाजवी असेल तितका जास्त काळ’ असंही आहे. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने मार्च २०२०मध्ये आणि जानेवारी २०२१मध्येही टाळेबंदीपुरती हलण्याची अट बाजूला ठेवली होती. पाणी, मैला, इंधन यांसाठी तेव्हा हलता येत होतं, काम झालं की थांबायचं. कधी, कुठे, कशासाठी हललात ते वहीत लिहून ठेवा. महिनोन् महिने एकाच जागी असाल तर दोर आठवड्यातून एकदा बघा. कालव्याची पातळी उतरली आणि दोर ताठ असेल तर होडी काठाला टांगून कलते. नदीच्या भागात असाल तर उलटं, पाणी चढेल एवढी ढील हवी. मागच्या बाजूला, पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यातून थेंब-थेंब पाणी येतच असतं. इंजिन चालत नाही म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही आणि ते पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी उतरलेली असते.

डॉक्टरांचं सोपं आहे. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी सेवेच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही आणि तेवढ्यासाठी नाव नाकारता येत नाही. स्वागतकक्षात कुणी अडवलंच तर वाद न घालता प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलायचं आहे म्हणा. होडी जिथे बांधली आहे तिथल्या जवळच्या पुलाचा क्रमांक सोबत ठेवा. रुग्णवाहिकेलाही तोच लागतो.